यीस्टची नाइट शिफ्ट

परवा मंडईबाहेर एका हातगाडीवर पिवळीजर्द ओली खारीक दिसली. गाडीवाल्याने चव बघा म्हणून एक हातावर ठेवली. दाताखाली करकरली, जिभेला तुरट लागली आणि मग सावकाश, मागच्या दाराने आल्यासारखी, गोड झाली. आणि पुण्यातल्या त्या ढगाळ, गार दुपारी मला चक्क घाम फुटला. हा इथला घाम नव्हता. हा रुवैसचा घाम होता, जुलै-ऑगस्टमधला, आणि तो मी झोपेतही ओळखीन.

रुवैस म्हणजे अबुधाबीपासून पश्चिमेला, गाडीने दोन-अडीच तास फक्त वाळू बघत गेलं की लागणारं गाव. एका बाजूला रिफायनरी, एका बाजूला समुद्र आणि मधे आमची वसाहत. वसाहतीतल्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना खजुराची झाडं होती. उन्हाळा चढला की त्यांच्या घोसांना जाळीच्या पिशव्या बांधल्या जात. आत खजूर पिवळे व्हायचे, मग तपकिरी, मग मऊ. काही पिशवीतच फुटून आंबायचे आणि तो गोडसर, किंचित नशीला वास दमट हवेत तरंगत राहायचा. त्या दिवसांत घराचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं जमायचं. सकाळी ड्यूटीच्या बसच्या वेळेला आमच्या इमारतीच्या दाराशी पाच-सहा चष्मेवाले इंजिनियर हात पुढे करून आंधळे उभे असायचे, काचा निवळायची वाट बघत. त्या अवस्थेत मी एकदा आमच्या मॅनेजरला ‘सरक ना जरा’ म्हणालो होतो. तो इजिप्शियन होता म्हणून निभावलं.

आखाती देशातल्या माणसाला या दिवसांत आणखी एक गोष्ट व्हायची. तो ब्रह्मचारी व्हायचा. शाळांना सुट्टी लागली की बायका-मुलं भारतात जायची आणि नवरे मागे राहायचे. विमानतळावरून परतताना जो तो मनातल्या मनात शीळ घालत असे. वर्षभर ज्या स्वातंत्र्याची स्वप्नं बघितली ते आता घरभर पसरलेलं असायचं, सोफ्यावर, जमिनीवर, बेसिनमध्ये. पहिल्या आठवड्यात सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात फ्रीझरमधल्या डब्यांचा हिशेब सुरू होई. बायको जाताना आमटी, भाजी, अर्धकच्च्या चपात्या गोठवून, वर चिकटपट्टीवर नावं लिहून ठेवून गेलेली असायची. तिसऱ्या आठवड्यात चपात्या संपत आणि हे सगळे स्वतंत्र पुरुष बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे तिकडच्या रोट्या, आणून एकमेकांच्या घरी बसत. प्रत्येक जण आपल्या बायकोची आमटी दुसऱ्याच्या बायकोच्या आमटीपेक्षा किती बरी आहे हे पटवून देई. एकही बायको हे ऐकायला तिथे नसे, हा त्यातला मोठा विनोद.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा एक उन्हाळा मात्र मला बिअरच्या वासासकट आठवतो. त्याचं कारण अशोक नाबर.

नाबर माझा शेजारी. मी रिफायनरीच्या लॅबमध्ये केमिस्ट आणि तो सेफ्टी ऑफिसर. सेफ्टी ऑफिसर तो आठ तासांपुरता नव्हता, जन्मजात होता. घराबाहेर पडताना तो गॅस, गिझर, एसी, टीव्ही, फ्रीज आणि भिंतीवरचं घड्याळ सोडून सगळं बंद करायचा. घरात माणूस नसताना वीज चालू ठेवणं त्याला मान्यच नव्हतं. रुवैसच्या उन्हाळ्यात एसी बंद करून जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. संध्याकाळी त्याच्या घरात शिरलं की भट्टीत शिरल्यासारखं व्हायचं आणि तो अभिमानाने म्हणायचा, ‘‘आजही काही जळलं नाही.’’

त्या वर्षी त्याची मुलगी ईशा दहावी पास झाली होती. आमच्या वसाहतीतल्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते, त्यामुळे ती अकरावीला नाशकात, मावशीकडे राहणार हे ठरलेलं होतं. ठरायचं होतं ते वैशाली वहिनींचं. त्या मुलीसोबत दोन वर्षं तिकडेच राहणार की तिला बहिणीच्या हवाली करून परत येणार? जाताना विमानतळावर त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, ‘‘तुम्ही म्हणाल तसं करू. पण म्हणा काहीतरी.’’

नाबर काही म्हणत नव्हता. ‘ये’ म्हणावं तर पोरीचं तिकडे कसं होईल, आणि ‘राहा’ म्हणावं तर याचं इकडे कसं होईल. दर शुक्रवारी तो बाजारातल्या फोन बूथमध्ये कार्ड घालून नाशिकला फोन करायचा आणि पाऊस, मेहुणीची कंबर, ईशाच्या कॉलेजची वेळ असं सगळं बोलून कार्डातला शेवटचा पैसा संपायच्या आत फोन ठेवायचा. मी विचारलं की म्हणायचा, ‘‘पुढच्या शुक्रवारी.’’ तो घाबरला होता. ती ‘नाही येत’ म्हणाली तर उन्हाळ्यापुरतं ब्रह्मचर्य कायमचं होणार होतं, आणि तशी माणसं आमच्या वसाहतीत होती. त्यांची घरं आम्ही पाहिली होती.

अशात डंकन देश सोडून गेला. डंकन हा मेंटेनन्समधला म्हातारा स्कॉटिश माणूस. जाताना त्याने नाबरला एक पांढरी झाकणवाली बादली दिली, झाकणातून वर येणारी एक वाकडीतिकडी काचेची नळी, माल्टच्या काकवीचा एक मोठा डबा, यीस्टची पुडी आणि कापसात गुंडाळलेला एक हायड्रोमीटर. दहा वर्षं तो घरीच बिअर करत होता म्हणे. नाबरला त्याने वारस का नेमलं ते कळलं नाही. बहुधा सेफ्टी ऑफिसरवर कुणी संशय घेणार नाही असा त्याचा हिशेब असावा. हे प्रकरण कायद्याच्या कुठल्या कलमात बसतं हे, एरवी शिडीवर चढायच्या आधीही तीन सह्या मागणाऱ्या नाबरने कुणालाही विचारलं नाही. जाताना डंकनने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. ग्रॅव्हिटी, म्हणजे द्रव किती जड आहे, ते बघा. लागोपाठ तीन दिवस आकडा तोच आला की बिअर झाली. त्याआधी बाटलीत भराल तर बाटल्या फुटतील.

‘फुटतील’ हा शब्द नाबरने ऐकला आणि तो लगेच माझ्याकडे आला.

‘‘तू रोज ग्रॅव्हिटीच मोजतोस ना लॅबमध्ये?’’

‘‘तेच तर करतो जन्मभर,’’ मी म्हणालो.

‘‘मग तू यात हवास. गटारीपर्यंत होईल ना?’’

गटारीची कल्पना ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आषाढातली अमावस्या, पुढे श्रावण, महिनाभर सगळं बंद. त्याआधीचा शेवटचा दिवस, आणि तोही घरच्या बिअरने! नाबर पुढे म्हणाला, ‘‘आणि एक ठरवलंय. बिअर झाली की वैशालीला स्पष्ट विचारायचं. एक ग्लास पोटात गेला की विचारता येईल.’’ म्हणजे आता त्या बादलीवर नुसती गटारी नाही, एका माणसाचा संसार अवलंबून होता. त्याच शुक्रवारी मी माझ्या बायकोला, सुनंदाला, पुण्याला फोन केला तेव्हा हे सगळं तिला सांगून टाकलं. तिच्यापासून मी काही लपवत नाही, म्हणजे मला ते जमत नाही.

हायड्रोमीटर म्हणजे बुडाशी जड गोळा असलेली काचेची बंद नळी. द्रवात सोडली की उभी तरंगते. द्रव जड असला की नळी वर उचलली जाते, हलका असला की खाली बुडते, आणि मानेवरच्या आकड्यांतून ते वाचायचं. साध्या पाण्यात एक हजार. साखर विरघळलेली असली की हजाराच्या वर. आमच्या काळ्या गोड पाण्यात पहिल्या दिवशी ती एक हजार पंचेचाळीसवर डुलत उभी राहिली. आम्ही हजार गाळून नुसतं ‘पंचेचाळीस’ म्हणायचो. यीस्ट साखर खात जाणार, साखरेची दारू होत जाणार, पाणी हलकं होत जाणार आणि आकडा उतरत जाणार. खाण्यासारखी साखर संपली की आकडा थांबणार. यापलीकडे त्यात काही नाही. पण मी केमिस्ट होतो. एवढ्या सोप्या गोष्टीवर माझं समाधान होणं शक्य नव्हतं.

‘‘टेंपरेचर करेक्शन लावायला लागेल,’’ मी गंभीरपणे म्हणालो.

‘‘डंकन असं काही म्हणाला नव्हता.’’

‘‘डंकन फिटर होता.’’

गरम झालं की द्रव फुगतो, हलका होतो, आणि आकडा खोटा दिसतो. म्हणून तापमान बघायचं आणि तक्त्याप्रमाणे आकड्यात थोडी भर घालायची. लॅबमध्ये हे मी दिवसातून पन्नास वेळा करत असे. तक्ता मला तोंडपाठ होता, भीमरूपीपेक्षाही जास्त. थर्मामीटर बघितला की तोंडातून दुरुस्त केलेला आकडा आपोआप बाहेर पडायचा. नाबर माझ्याकडे ज्या आदराने बघत होता त्या आदराने लॅबमध्ये माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं.

बादली नाबरच्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये टबात ठेवली. काही सांडलं तर मोरीत जाईल म्हणून. तिथल्या नळाला नाबरने कामावरून आणलेलं लाल कुलूप आणि स्वतःचा फोटो असलेलं टॅग लावलं, ‘चालू करू नये, काम सुरू आहे’. घरात दुसरं माणूस नव्हतं. चालू कोण करणार होतं, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वाकड्या नळीतून बुडबुडे यायला लागले. बुळुक. जरा थांबून पुन्हा बुळुक. नाबरने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून बाथरूमच्या दारात ठेवली. ड्यूटीवरून आला की तो एसी लावायचा, चहा घेऊन त्या खुर्चीवर बसायचा आणि बुडबुडे ऐकायचा. घरात दुसरा कुणाचाच आवाज नव्हता. त्याचं हसू यायचं, पण एकदा मी न सांगता त्याच्याकडे गेलो तेव्हा तो बादलीला ‘‘झाला का गं चहा?’’ असं म्हणत होता, आणि मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिला आठवडा मोठा बहारीचा गेला. पंचेचाळीस, अडतीस, तीस, बावीस. शिफ्टमुळे मी नसलो की नाबर रीडिंग घेऊन लॅबमध्ये फोन करायचा. तिथे बिअर हा शब्द काढायची सोय नव्हती, म्हणून आम्ही बिअरसाठी ‘दादाजी’ आणि ग्रॅव्हिटीसाठी ‘शुगर’ असे शब्द ठरवले होते.

‘‘आज सुबह दादाजी की शुगर अठारह,’’ नाबर हिंदीत सांगायचा, कारण त्याच्या टेबलाशेजारी कुणी असेल तर मराठीत बोलणं जास्त संशयास्पद वाटेल असं त्याचं मत होतं.

‘‘टेंपरेचर?’’ मी विचारायचो, आणि मान डोलावून ‘‘मतलब दादाजी की शुगर बाईस,’’ असा दुरुस्त आकडा सांगायचो.

माझ्या शेजारच्या टेबलावर मॅथ्यू नावाचा सज्जन मल्याळी केमिस्ट होता. हे रोज ऐकून तो हळवा झाला. एके दिवशी त्याने मला घरी वाळवलेल्या कारल्याच्या चकत्यांची पुडी दिली. ‘‘फॉर युवर ग्रँडफादर. माय अंकल, कम्प्लीट क्युअर.’’ आणि मग जरा घुटमळून म्हणाला, ‘‘बट ट्वेंटी टू इज व्हेरी लो, नो?’’

दुसऱ्या आठवड्यात आकडा खाली आला आणि तिथे घोटाळा सुरू झाला. सकाळी तेरा. आम्ही खूश. संध्याकाळी नाबर ड्यूटीवरून आल्या आल्या रीडिंग घेतलं तर सोळा. दुसऱ्या दिवशी सकाळी तेरा. संध्याकाळी सोळा. साखर कमी होते हे समजू शकतो, पण वाढते कशी? बादलीत कुणी साखर टाकत नव्हतं. नाबरने खात्री करून घेण्यासाठी साखरेचा डबा माझ्या घरी आणून ठेवला.

‘‘रात्रीत उतरते आणि दिवसा चढते,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणजे काम रात्री होतंय.’’

नाबरने मान हलवली. ‘‘नाइट शिफ्टला आहे.’’

आम्ही दोघंही रिफायनरीतले. माणूस, पंप, बॉयलर, सगळं शिफ्टमध्ये चालताना पाहिलेलं. यीस्टसुद्धा शिफ्टमध्ये काम करत असेल यात आम्हाला नवल वाटलं नाही. दिवसपाळीला दुसरं यीस्ट येऊन पहिल्याचं काम बिघडवत असणार, हा नाबरचा अंदाज. आमच्या प्लँटमध्येही तसंच चालायचं. मग शुक्रवार आला. शुक्रवारी सकाळी तेरा, दुपारी तेरा, संध्याकाळीही तेरा. दिवसभर आकडा हलला नाही.

‘‘आज सुट्टी,’’ नाबर हळूच म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. डंकनची पुडी विलायतेची होती, पण आतल्या जंतूंनी इथला साप्ताहिक सुट्टीचा नियम उचलला होता. विज्ञानात आपल्या नावावर काहीतरी लागणार असं मला त्या संध्याकाळी खरोखर वाटलं.

या भानगडीत गटारी आली आणि गेली. आकडा तीन दिवस तोच यायला तयार नाही, तर बाटलीत भरायचं कसं? फुटतील! गटारीला आम्ही नाबरच्या घरी खुबूस आणि अंडाकरी खाल्ली आणि पाणी प्यायलो. नमुना काढलेलं परत बादलीत ओतायचं नाही असाही डंकनचा नियम होता, तेव्हा रीडिंगची पेलाभर बिअर मी प्यायचो. ती कोमट, सपक आणि कडवट लागायची. मी ती चुळीसारखी तोंडात घोळवून ‘‘बॉडी चांगली आहे,’’ असं म्हणायचो. श्रावण लागल्यावर तेही बंद झालं. मग पेला गॅलरीखालच्या खजुराच्या बुंध्याशी ओतायचा. दिवसातून दोन रीडिंगं, म्हणजे दोन पेले. बादलीतली पातळी उतरत चालली.

‘‘अशानं मोजण्यातच संपेल,’’ मी म्हणालो.

‘‘संपेना,’’ नाबर म्हणाला, ‘‘घाई कशाला? अजून चालू आहे ना.’’

आणि शुक्रवारचे फोन चालले होते. मेहुणीची कंबर आता बरी होती. नाशकात पाऊस चांगला झाला होता. वहिनींनी विचारलं, तिकडे काय? हा म्हणाला, काही नाही. इकडे आमच्या ओळखीच्या बायकांची परतीची तिकिटं नक्की होत होती. ज्याच्या त्याच्या घरात झाडलोट सुरू झाली होती, फ्रिजमधून अज्ञात वस्तू बाहेर पडत होत्या. ब्रह्मचर्याचा हंगाम उतरणीला लागला होता. खजूर मऊ पडले होते. नाबर मात्र संध्याकाळी खुर्चीत बसून होता आणि वहिनींचं काहीच ठरत नव्हतं.

नाइट शिफ्टचा सिद्धांत पक्का करायला एक साधा प्रयोग हवा होता. बिअरच्या शेजारी नुसतं पाणी ठेवायचं. पाण्यात यीस्ट नाही, तेव्हा पाण्याचा आकडा स्थिर राहणार, बिअरचा हलणार, सिद्धांत सिद्ध. मी पिण्याच्या पाण्याची एक बाटली टबात बादलीला टेकवून ठेवली. संध्याकाळी दोघांची रीडिंगं घेतली, थर्मामीटर पाहिला, सवयीने करेक्शन लावलं. बिअर सोळा. पाणी सहा.

पाणी सहा? पाण्यात साखर कुठून आली? मी पुन्हा मोजलं. सहा. दुसऱ्या दिवशी सकाळी बिअर तेरा, पाणी तीन.

मी टबाच्या कडेवर बसलो. साधं, बाटलीबंद, पिण्याचं पाणीसुद्धा नाइट शिफ्ट करत होतं.

उलगडा झाला तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग कान गरम झाले. मला तोंडपाठ असलेला तक्ता तेलाचा होता. पेट्रोलियमचा. तेल उन्हाने फार फुगतं, पाणी त्या मानाने फारच कमी. तेलाची भर मी पाण्याला घालत होतो. रात्रभर एसी चालायचा, सकाळी बाथरूम गार, भर थोडी, आकडा तेरा. दिवसभर नाबर सुरक्षेसाठी एसी बंद करून जायचा, संध्याकाळी बाथरूमची भट्टी, भर भरपूर, आकडा सोळा. शुक्रवारी तो घरी, एसी दिवसभर चालू, म्हणून यीस्टला सुट्टी. साध्या पाण्यापेक्षा बिअर सकाळीही दहाने जड होती आणि संध्याकाळीही दहानेच. बिअर केव्हाच थांबली होती. रोज हलत होता तो माझा तक्ता.

नाबर चहा घेऊन खुर्चीत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, तेल, पाणी, एसी, दहा. तो चिडेल, निदान हसेल असं वाटलं होतं. तो चहात बघत बसला.

‘‘म्हणजे झाली,’’ मी म्हणालो. ‘‘कधीच झालीय.’’

‘‘हो.’’

‘‘हो म्हणजे?’’

‘‘बुडबुडे थांबून बरेच दिवस झाले. मी इथेच बसतो ना रोज.’’

‘‘अरे मग बोलला का नाहीस?’’

‘‘तू केमिस्ट. तू म्हणत होतास चालू आहे. म्हटलं, असेल चालू.’’ तो उठला, हायड्रोमीटर हातात घेतला. ‘‘अडकलीही असेल. डंकन म्हणाला होता, कधी कधी साखर उरलेली असतानाच मधे अडकते. एक रीडिंग घेऊ या का अजून?’’

आणि तेव्हा मला त्याची दया आली, अगदी सरळ, मनापासून दया आली. थांबलेली बिअर आणि अडकलेली बिअर, दोन्हींचा आकडा एकच दिसतो. तो आकडा तो रोज बघत होता आणि मी रोज त्यात खोटी भर घालून त्याला आणखी एक दिवस देत होतो. माझी चूक त्याला सोयीची पडली होती. मी त्याच्या हातातून हायड्रोमीटर घेतला आणि कापसात गुंडाळला.

‘‘खलास. यल्ला, चल, कपडे बदल. आज शुक्रवार आहे.’’

बाजारातला बूथ काचेचा होता आणि भर उन्हात होता. नाबर आत गेला, मी बाहेर खजुराच्या तुटपुंज्या सावलीत उभा राहिलो. काचेतून दिसत होतं, तो नेहमीसारखा हसतमुखाने बोलत होता. बहुधा पाऊस. मग कंबर. मी काचेवर टकटक केलं. त्याने माझ्याकडे पाठ केली. मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता, आणि शर्ट पाठीला चिकटून काळा होत चालला होता. बाहेर आला तेव्हा चष्म्यावर घामाचं इतकं धुकं होतं की मला त्याचे डोळे दिसेनात.

‘‘काय म्हणाली?’’

‘‘म्हणाली, एवढा वेळ कुठली बिअर लागते?’’

मला काही कळेना. मग कळलं. मी सुनंदाला सांगितलं होतं, सुनंदाने त्याच दिवशी नाशिकला फोन केला होता. बिअर झाली की हे विचारणार आहेत, हे वहिनींना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. दर शुक्रवारी त्या फोन घ्यायच्या ते आज झाली असेल या आशेने, आणि इकडून पाऊस यायचा.

‘‘मग? येणार का?’’

‘‘आधी म्हणाली, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.’’ नाबरने चष्मा काढून शर्टाला पुसला. शर्टच ओला, त्यामुळे काचा आणखी बिघडल्या. ‘‘मग मी म्हटलं, ये. म्हटलं ईशाचं तिकडे नीट होणार असेल तर तू ये, मला इथे एकट्याला जमत नाहीये. ती म्हणाली, बरं. एवढंच. बरं म्हणाली. तिकीट बघते म्हणाली.’’

आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवून, भर बाजारात, भर उन्हात रडला. शेजारच्या गॅरेजवाल्या पठाणाने आम्हाला दोघांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये फोन वाजला नाही. मॅथ्यूने काळजीने विचारलं, ‘‘ग्रँडफादर? शुगर?’’ मी सहज म्हणालो, ‘‘नाउ नो मोर रीडिंग.’’ तो उठला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. मला ते दुरुस्त करायचं धाडस झालं नाही. दुपारी सगळ्या लॅबने माझ्यासाठी एक मिनिट शांतता पाळली.

बाटल्या आम्ही भरल्या. नाबरने त्या भरताना गॉगल आणि हातमोजे घातले होते, आणि नंतर ते कपाट दोरीने बांधून ठेवलं. एकही फुटली नाही.

वहिनी श्रावण संपता संपता आल्या, दोन बॅगा घेऊन. नेहमी तीन असायच्या. ईशाची खोली नाबरने आदल्या दिवशी पुसून काढली होती, तिचं दार त्यांनी उघडलं, क्षणभर बघितलं आणि लोटून घेतलं. मग पाहुण्यांच्या बाथरूममध्ये जाऊन नळावरचं कुलूप आणि नवऱ्याचा फोटो बघून आल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आधी फ्रीझर उघडला आणि म्हणाल्या, ‘‘चपात्या संपल्या वाटतं.’’

श्रावण संपल्यावर एका संध्याकाळी नाबरने मला बोलावलं. सुनंदाही परत आली होती. कपाटाची दोरी सोडली. नाबरने गॉगल लावून पहिली बाटली हातभर लांब धरून उघडली. फुस्स झालं, बस. चार स्टीलच्या पेल्यांत तपकिरी, जरा गढूळ बिअर ओतली. वर थोडा फेस आला आणि लाजून खाली बसला. मी तज्ज्ञ म्हणून आधी घोट घेतला. ओल्या पावाची चव होती, त्यात काकवी आणि कुठेतरी औषध. सुनंदाने पेला तोंडाला लावून तसाच खाली ठेवला.

वैशाली वहिनींनी आयुष्यात कधी घेतली नव्हती. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला, वास घेतला, एक मोठा घोट घेतला. डोळे मिटले. मग उघडून नवऱ्याकडे बघितलं.

‘‘ह्याच्यासाठी मला तिकडे थांबवून ठेवलं होतंत?’’

आम्ही हसलो. नाबर हसला नाही. त्याने गॉगल काढून टेबलावर ठेवला.

‘‘नाही गं,’’ तो म्हणाला. ‘‘भीत होतो.’’

वहिनींनी पेला पुन्हा तोंडाला लावला आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत सगळा संपवला.